टक्केपूर नावाचं शहर

एखादं राजकीय प्रकरण बाहेर आलं की दोन दिवसांत त्याच्या शेपटाला 'गेट' लागतं आणि तिसऱ्या दिवशी वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, गेट म्हणजे फाटक. वॉशिंग्टनमधल्या एका इमारतीच्या नावाचा हा तुकडा, त्याचा भ्रष्टाचाराशी संबंध काय? म्हणून हा शब्दच अडाणी. दुसरी बाजू म्हणते, भाषा वाहती असते, लोकांना अर्थ कळतो ना, मग झालं. इटलीत नेमका हाच वाद घोटाळ्यांच्या नावांमागे लागणाऱ्या 'पोली' या शब्दांशावरून गेली तीस वर्षं चालू आहे. मला दोन्हीकडचे लोक भलत्याच प्रश्नावर भांडताना दिसतात. घोटाळ्यासाठी घडवलेला जोडशब्द हा मुळात एक आरोप असतो. व्युत्पत्ती त्याला शुद्ध वा अशुद्ध ठरवत नाही. तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा आरोप कोणावर होता आणि कशाचा होता, एवढं ती सांगते. पुढे तो शब्द वापरता वापरता आपण आरोप पातळ करत नेतो, आणि माझा आक्षेप तेवढ्यालाच आहे. मराठीने 'गेट' घेऊ नये असं मी म्हणतो ते याच कारणाने. व्याकरणाची मला इथे चिंता नाही.

'पोली'चा शब्द आधी बघू, कारण या जातीतला इतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही. 17 फेब्रुवारी 1992 रोजी मिलानमध्ये मारिओ किएझा नावाच्या माणसाला लाच घेताना पकडलं. हा समाजवादी पक्षाचा माणूस आणि पिओ आल्बेर्गो त्रिवुल्झिओ या शहरातल्या जुन्या, नामांकित वृद्धाश्रमाचा प्रमुख. लाच देणारा लुका मान्यी साफसफाईची कामं घेणारा छोटा कंत्राटदार. त्याचं काम 14 कोटी लिरांचं, त्यावर दहा टक्के म्हणजे 1 कोटी 40 लाख, आणि त्यातला निम्मा हप्ता, 70 लाख लिरा, त्या दिवशी द्यायचा होता. मान्यी आधीच पोलिसांकडे गेला होता. नोटांवर खुणा केलेल्या होत्या. आंतोनिओ दी पिएत्रो या सरकारी वकिलाने हा सापळा लावला आणि तिथून जो तपास सुरू झाला त्याने दोन वर्षांत इटलीतले जुने सत्ताधारी पक्ष मोडीत काढले. महायुद्धानंतर जवळजवळ अखंड सत्तेत राहिलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष जानेवारी 1994 मध्ये विसर्जित झाला. समाजवादी पक्षही त्याच वर्षी संपला. तपासाला नाव पडलं 'मानी पुलीते', म्हणजे स्वच्छ हात. आणि ज्या दुनियेचा तपास चालला होता तिला नाव मिळालं 'तांजेंतोपोली'. 'ला रेपुब्लिका'चा मिलानमधला वार्ताहर पियेरो कोलाप्रिको याच्या नावावर हा शब्द जमा आहे.

आता याचे दोन भाग सुटे करू. 'तांजेंते' हा भूमितीतला शब्द. वर्तुळाला एकाच बिंदूत शिवणारी रेषा, आपल्या शाळेतली स्पर्शिका. मूळ लॅटिन धातू शिवण्याचा, स्पर्शाचा. इटालियनमध्ये एखादी गोष्ट 'मला शिवते' म्हणजे ती माझ्या वाट्याला येते. त्यातून तांजेंते म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला येणारी रक्कम, आणि तिथून कंत्राटामागे नेत्याच्या किंवा पक्षाच्या वाट्याला जाणारा भाग. मराठी वाचकाला हा प्रवास समजावून सांगायची गरज नाही, कारण आपल्याकडे 'टक्केवारी' हा शब्द याच वाटेने गेला आहे. तोही गणिताच्या पुस्तकातला, निरुपद्रवी, सातवीच्या पोराला परीक्षेत पडणारा. पण रस्त्याचं किंवा बंधाऱ्याचं काम घेणाऱ्या माणसासमोर 'टक्केवारी' म्हणा, तो परीक्षेच्या गुणांचा विचार करणार नाही. 'टक्के जाऊन कामाला किती उरतात' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात तळटीप न देता समजतं. दोन दूरच्या भाषांनी लाचेसाठी गणितातलाच शब्द का उचलला असेल? मला वाटतं, कारण दोन्हीकडे लाच ठरलेली होती. चोरी अंदाजाने होते, पण टक्का ठरवावा लागतो. तो ठरवायला दर लागतो, दर पाळायला दोन्ही बाजूंची सवय लागते, आणि सवय पडायला वर्षं जावी लागतात. शब्दाचा पहिला अर्धा भाग एवढी साक्ष देतो.

दुसरा भाग 'पोली'. ग्रीक 'पोलिस', म्हणजे नगर. आपल्या खाकी वर्दीतल्या 'पोलीस' या शब्दाच्या मुळाशीही हेच नगर आहे. आणि याहून जवळचं नातं असं की संस्कृत 'पुर्' आणि ग्रीक 'पोलिस' ही एकाच कुळातली भावंडं. सोलापूर, नागपूर, कोल्हापूर, पंढरपूर यांतला 'पूर' आणि तांजेंतोपोलीतला 'पोली' हे हजारो वर्षांपूर्वी एकच होते. इटलीतलं नापोली म्हणजे ग्रीक 'नेआ पोलिस', नवं नगर. नंदुरबारकडच्या माणसाला ते नवापूर म्हणून सांगितलं तरी चालेल. तेव्हा तांजेंतोपोलीचं मराठी करायला कोश उघडायला नको. टक्केपूर. इटालियन कानाला या प्रत्ययात थोडा खेळकरपणाही ऐकू येतो, कारण तिथल्या मुलांच्या चित्रकथांत डोनाल्ड डक राहतो त्या गावाचं नाव पापेरोपोली, बदकपूर. पण शब्दाचा जोर विनोदात नव्हता. तो 'नगर' या कल्पनेत होता. नगर म्हटलं की त्याला रस्ते आले, जकात आली, रहिवासी आले. कोलाप्रिकोने एका माणसाला लाचखोर म्हटलं असतं तर ती बातमी झाली असती. त्याने मिलानला, देशाच्या आर्थिक राजधानीला, टक्क्यांचं गाव म्हटलं. गावात राहायचं तर गावाचा कर भरावा लागतो, हा त्या शब्दाचा आरोप.

'गेट'चा जन्म याच्या उलट झाला. वॉटरगेट हे वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीकाठचं इमारतींचं संकुल. योगायोग असा की ते बांधलंही एका इटालियन कंपनीने आणि त्याचा वास्तुकार लुइजी मोरेत्ती हाही इटालियन. 17 जून 1972 च्या पहाटे तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच जण पकडले गेले. दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली रखवालदाराला दिसली म्हणून. त्या प्रकरणापायी 9 ऑगस्ट 1974 ला रिचर्ड निक्सन अध्यक्षपदावरून गेले. नाव पडलं ते जागेचं, आणि जागेचा गुन्ह्याशी संबंध एवढाच की तो तिथे घडला. पुढे त्या नावाची अर्धी फोड उचलून इतर प्रकरणांना चिकटवायची पद्धत पडली आणि ती रुजवण्यात विल्यम सफायर या स्तंभलेखकाचा वाटा मोठा. सफायर हे निक्सन यांचे माजी भाषणलेखक. त्यांच्या मनात काय होतं याची मी चर्चा करत नाही. पण परिणाम बघा. प्रत्येक बारीकसारीक भानगड 'अमुकगेट' झाली की मूळ वॉटरगेटही त्या रांगेतलं एक होऊन बसतं. ब्रिटिश राजघराण्यातल्या चोरून ऐकलेल्या फोनला गेट, अमेरिकन फुटबॉलच्या चेंडूतली हवा कमी केली त्याला गेट, वाकणाऱ्या मोबाइलला गेट. सत्तेने लोकशाहीच्या मुळावर घातलेला घाव आणि खिशात वाकलेला फोन एकाच प्रत्ययाखाली?

इथे समोरच्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करायला हवा. शब्द चुकीच्या जागी तोडला म्हणून तो बाद होत नाही. आपण रोज चुकीच्या जागी तोडलेले शब्द वापरतो आणि त्यात काही बिघडत नाही. 'बस' घ्या. लॅटिन 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. त्यातला 'बस' हा विभक्तीच्या प्रत्ययाचा तुकडा आहे. मराठीत 'लोकांसाठी' या शब्दातला 'साठी' तोडून त्यालाच गाडीचं नाव द्यावं तसं हे झालं. तरी स्वारगेटला उभा असलेला माणूस एस. टी. बसच पकडतो. 'हेलिकॉप्टर' हा 'हेलिको' आणि 'प्टर', म्हणजे मळसूत्र आणि पंख, असा जोडलेला. आपण तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा फोडला आणि जिल्ह्याजिल्ह्यात हेलिपॅड बांधले. 'हॅम्बर्गर' हे हॅम्बुर्ग शहराचं विशेषण. त्यातून 'बर्गर' सुटा निघाला आणि आज चौपाटीवर विकला जातो. तेव्हा 'गेट म्हणजे फाटक, म्हणून चूक' हा युक्तिवाद पहिल्या धक्क्यात कोसळतो. जे व्युत्पत्तीला पंच करतात त्यांनी आधी बसमधून उतरावं लागेल.

पण बस आणि गेट यांत फरक आहे, आणि शब्द वाहता असतो म्हणणारे तो पाहत नाहीत. 'बस'ने आपला मूळ अर्थ गमावला तेव्हा कोणाचं काय गेलं? गाडी गाडीच राहिली. घोटाळ्याच्या नावाचं तसं नसतं. पुढच्या पिढीपर्यंत प्रकरणाची कागदपत्रं पोचत नाहीत, निकालपत्रं पोचत नाहीत, पोचतं ते नाव. नावात जे नाही ते हळूहळू आठवणीतही राहत नाही. 2012 साली महालेखापरीक्षकांच्या अहवालानंतर कोळसा खाणींच्या वाटपाचं प्रकरण देशभर 'कोलगेट' म्हणून गाजलं. टूथपेस्टशी जुळणारा शब्द म्हणून तो तोंडात बसला, व्यंगचित्रं निघाली, 1.86 लाख कोटी हा आकडा पाठ झाला. पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2014 मध्ये काय म्हटलं? 1993 पासून छाननी समितीच्या 36 बैठकांत झालेलं वाटप मनमानी आणि बेकायदा होतं. पुढच्या महिन्यात 214 खाणपट्टे रद्द झाले. 1993 पासून म्हणजे किती पंतप्रधान आणि किती पक्षांची सरकारं, मोजून पाहा. न्यायालयाने एका पद्धतीला बेकायदा म्हटलं. जनतेच्या आठवणीत मात्र 2012 सालचं, एका सरकारचं, एक यमक राहिलं. 'गेट' या शब्दाला मुळात काळ दाखवताच येत नाही. तो एका रात्री एका दारापाशी पकडलेल्या पाच माणसांपासून निघाला. वीस वर्षांची छाननी समिती त्याच्या फाटकातून आत कशी जाणार?

इटलीत 'पोली'चंही झिजणं झालंच, पण तिथला तपशील मला जास्त शिकवून गेला. 1995 मध्ये सरकारी मालकीची घरं वजनदार लोकांना नाममात्र भाड्याने दिल्याचं प्रकरण निघालं, त्याला 'आफित्तोपोली' म्हटलं. आफित्तो म्हणजे भाडं. नातलगांना नोकऱ्या लावल्या की 'पारेंतोपोली'. 2006 मध्ये फुटबॉलमधलं पंचांच्या नेमणुकांचं प्रकरण आलं, युव्हेंटससारखा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला, आणि नाव पडलं 'काल्चोपोली'. शुद्धतावादी म्हणाले, याचा शब्दशः अर्थ फुटबॉलपूर, यात अपराध कुठे आहे? त्यांचं शब्दशः म्हणणं खरं. तांजेंतोपोलीत अपराध पहिल्या अर्ध्या भागात होता, लोकांना तो दुसऱ्या अर्ध्या भागात ऐकू येऊ लागला. 'नगर' याचाच अर्थ 'भ्रष्टाचार' झाला. पण माझ्या मते काल्चोपोली हा त्या कुळातला त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द आहे. कारण तिथे खरोखरच एक नगर होतं. फोन कोण कोणाला करतो, कुठल्या सामन्याला कुठला पंच हवा, हे ठरवणारं जाळं. एखादा घोटाळा खरंच नगराएवढा असेल तर त्याला 'पूर' म्हणायला माझी हरकत नाही. एकट्यादुकट्याच्या लफड्याला ते नाव दिलं तर हरकत आहे. शब्दाची चूक व्याकरणावर तपासायची की वस्तुस्थितीवर, एवढाच हा मतभेद.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसराच आहे आणि तो मला बराच काळ छळत होता. 'सगळं शहरच तसं' म्हणणं हे गुन्हेगाराला मोकळं सोडण्याचं उत्तम साधन नाही का? सगळेच दोषी म्हटल्यावर कोणीच दोषी उरत नाही. आणि हा आक्षेप कल्पनेतला नाही. समाजवादी नेते बेत्तीनो क्राक्सी यांनी 3 जुलै 1992 रोजी संसदेत उभं राहून नेमका हाच बचाव केला. राजकारणाला मिळणारा बराचसा पैसा अनियमित किंवा बेकायदा आहे हे सर्वांना ठाऊक आहे, तो गुन्हा धरला तर सगळी व्यवस्थाच गुन्हेगार ठरेल, आणि असं नाही अशी शपथ कोणी घ्यावी, असं त्यांनी सभागृहाला आव्हान दिलं. कोणी उठलं नाही. मग 'टक्केपूर' हा क्राक्सींचाच शब्द ठरतो का?

तसं मला वाटत नाही, आणि कारण क्राक्सींच्याच वागण्यात आहे. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, किएझा नुकताच पकडला गेला असताना, त्यांनी टीव्हीवर त्याला 'मारिउओलो' म्हटलं होतं. भामटा, भुरटा चोर. या एकामुळे सगळ्या पक्षावर सावली पडली, असा सूर होता. मार्चमध्ये एकटा चोर आणि जुलैमध्ये सगळेच चोर. चार महिन्यांत दोन टोकं, आणि दोन्ही टोकांना वक्ता निर्दोष. त्या दोन टोकांच्या मधली जागा शहर या शब्दाने धरून ठेवली. 'सगळेच' हा जमाव असतो, त्यात कोणाला चेहरा नसतो. शहराचं तसं नाही. शहरात घर नंबर असतो. जकात कोणत्या नाक्यावर घेतली, कोणी घेतली, कितीने घेतली, वर कुठे पाठवली, हे विचारता येतं. मिलानच्या सरकारी वकिलांनी तेच विचारलं, नाका दर नाका. क्राक्सी यांनाही शिक्षा झाल्या. ते 1994 मध्ये ट्युनिशियात हम्मामेतला निघून गेले आणि जानेवारी 2000 मध्ये तिथेच वारले.

आपल्याकडे या शहराचा नकाशा फार आधी काढला गेला होता आणि आपण तो विसरलो. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात मामलेदारांच्या हिशेबातल्या 'दरबारखर्च' किंवा 'अंतस्थ' या बाबीचं वर्णन आहे. ही रक्कम मुळात मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप दिलेली लाच. हळूहळू तिची ठरलेली फी झाली आणि इतर खर्चासारखी ती वहीत लिहून तपासलीही जाऊ लागली. पण लाच काही थांबली नाही, म्हणून तिच्यासाठी रयतेकडून आणखी वसुली सुरू झाली, आणि तपासनीस अशा नाजूक बाबींत खोल जात नसल्याने मामलेदार वरच्यांना पोचवायचा त्याहून जास्त स्वतःसाठी काढू लागला. लाच, मग फी, मग फीवर पुन्हा लाच. भरणारा शेवटी गावातला कुणबी. मिलानच्या वृद्धाश्रमातल्या दहा टक्क्यांच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं हे वर्णन आहे, आणि यंत्र तेच. त्या काळच्या दोन शब्दांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. 'अंतस्थ', म्हणजे आतलं, हा शब्द झाकतो. 'दरबारखर्च' हा शब्द बोट दाखवतो, पैसा कुठे जातो ते सांगतो. कारकुनाने कदाचित सवयीने लिहिला असेल, पण त्या एका शब्दात दरबार पकडला गेला.

मग आजचा आपला शब्द कोणत्या जातीचा? 'घोटाळा'. रोजच्या बोलण्यात घोटाळा म्हणजे गोंधळ, गफलत. 'नावात घोटाळा झाला म्हणून पत्र परत आलं.' हाच शब्द आपण मुद्रांकांना लावला, चाऱ्याला लावला, सिंचनाला लावला. आणि क्रियापद बघा, घोटाळा 'होतो'. पाऊस होतो, उशीर होतो, तसा. कर्त्याला वाक्यात जागाच लागत नाही. 1957–58 च्या मुंदडा प्रकरणात निदान व्यक्तीचं नाव तरी होतं. बोफोर्समध्ये तोफ विकणाऱ्या कंपनीचं होतं. 'घोटाळा' म्हणून आपण त्याही पुढे मऊ झालो, आणि आता 'गेट' लावून मऊपणावर परदेशी मुलामा देतो आहोत. कोणी म्हणेल, घोटाळा हा शब्द आता पक्का रुळला, त्यातला गोंधळाचा अर्थ या संदर्भात कोणाला जाणवत नाही. शब्दाबाबत हे मान्य. पण वाक्याबाबत नाही. 'घोटाळा झाला' हे वाक्य बातमीच्या मथळ्यात अजूनही रोज कर्त्याशिवाय उभं असतं.

'टक्केपूर' कोण वापरणार, असं मला विचारलं जाईल. पंडितांनी पाडलेले शब्द टाकसाळीतच पडून राहतात हे खरं. पण तांजेंतोपोली भाषासमितीने पाडलेला नव्हता. न्यायालयाच्या पायऱ्या रोज झिजवणाऱ्या वार्ताहराचा होता, आणि मिलानच्या माणसांना त्यात स्वतःचा रस्ता दिसला म्हणून तो टिकला. मराठीत शब्दाचा कच्चा माल तर लोकांनीच तयार ठेवला आहे. टक्का त्यांचा, पूर त्यांचं. शिवाय शहराच्या नावात एका माणसाला जागा मिळते, जी 'गेट'मध्ये मिळत नाही आणि 'घोटाळ्या'तही मिळत नाही. किएझाबरोबर त्या दिवशी खोलीत दुसरा माणूस होता. त्याचा साफसफाईचा छोटा धंदा होता, तो त्याच शहराचा रहिवासी होता आणि तिथली जकात त्याला तोंडपाठ होती. 17 फेब्रुवारीला लुका मान्यी ती पुन्हा एकदा भरायला आत गेला, आणि त्या खेपेला त्याच्याजवळच्या नोटांवर खुणा होत्या.